माहितीच्या कोठाराच्या किल्ल्या
डेटाबेसमधील अधिकारांचे गटांद्वारे नियमन

१. दप्तरखान्यापासून डेटाबेसपर्यंत

कोणत्याही कचेरीचे खरे धन म्हणजे तिचे दप्तर होय. इमारत जुनी झाली तर नवी बांधता येते, माणसे बदलली तरी काम चालते. परंतु दप्तर नष्ट झाले किंवा त्यात कोणी गुपचूप फेरफार केला, तर त्या कचेरीवरील लोकांचा विश्वासच नाहीसा होतो. म्हणून दप्तर कोणी पाहावे, त्यात नोंद कोणी करावी आणि नोंद कोणी बदलावी, याचे नियम फार पूर्वीपासून केले जात आले आहेत.

न्यायालयाच्या दप्तराच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. नागपूर येथे १९३६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी उच्च न्यायालय स्थापन झाले. राज्यपुनर्रचना झाल्यावर १ नोव्हेंबर १९५६ पासून नव्या मध्य प्रदेश राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूर येथे आले, आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. महंमद हिदायतुल्ला हे नागपूरचे मुख्य न्यायाधीश या नव्या उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळी न्यायालयाचे दप्तर म्हणजे कापडात बांधलेली बस्ते, जाड नोंदवह्या आणि कुलूपबंद अभिलेखागार असे होते. अभिलेखागाराची किल्ली ज्याच्याजवळ, तोच त्या दप्तराचा रक्षक.

आज या चित्रात मोठा पालट झाला आहे. देशातील न्यायालयांच्या संगणकीकरणाची ई-कोर्ट्‌स योजना २००७ साली सुरू झाली; तिचा दुसरा टप्पा २०१५ साली व तिसरा २०२३ साली हाती घेण्यात आला. जिल्हा न्यायालयांतील प्रकरणांची नोंद ठेवणारी संगणकप्रणाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेत तयार झाली असून ती मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर उभारलेली आहे. आता जबलपूरचा पक्षकार आपल्या प्रकरणाची पुढची तारीख घरबसल्या पाहू शकतो.

ही सोय मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली आहे. कागदी दप्तराला स्वाभाविक मर्यादा होत्या. एक बस्ता एका वेळी एकाच्याच हाती असे; हजार बस्ते चाळावयाचे म्हटले तर महिने लागत; पानावर खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसे. डेटाबेसमध्ये या मर्यादा नाहीत. ज्याला अधिकार आहे तो एका आज्ञेने लक्षावधी नोंदी वाचू शकतो, आणि एका आज्ञेने त्या पुसूही शकतो. तेथे लोखंडी कुलूप नाही, म्हणून नियमांचे कुलूप अधिक काळजीपूर्वक घालावे लागते. हे कुलूप कसे घातले जाते आणि त्याच्या किल्ल्या व्यक्तींना न देता गटांना देणे का श्रेयस्कर, हे समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

२. अधिकार म्हणजे काय ?

१९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची पद्धती सुचविली. प्रत्येक तक्त्यात ओळी व रकाने असतात. न्यायालयाच्या उदाहरणात ‘प्रकरणे’ हा एक तक्ता, ‘पक्षकार’ हा दुसरा, ‘तारखा’ हा तिसरा, ‘न्यायशुल्क’ हा चौथा, असे समजावे. ‘प्रकरणे’ या तक्त्यातील एक ओळ म्हणजे एक प्रकरण, आणि रकाने म्हणजे त्याचा क्रमांक, प्रकार, दाखल झाल्याची तारीख इत्यादी.

या तक्त्यांवर मुख्यतः चार क्रिया करता येतात : नोंद वाचणे, नवी नोंद घालणे, असलेली नोंद बदलणे आणि नोंद काढून टाकणे. एस्‌क्यूएल या डेटाबेसच्या भाषेत त्यांना अनुक्रमे सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट असे म्हणतात. अमुक वापरकर्त्याला अमुक तक्त्यावर अमुक क्रिया करण्याची मुभा, यालाच अधिकार म्हणावयाचे.

अधिकार देण्याच्या आज्ञेस ग्रँट आणि काढून घेण्याच्या आज्ञेस रिव्होक असे नाव आहे. ज्याला अधिकार मिळाला त्याला तो पुढे दुसऱ्यास देण्याचीही मुभा दिली, तर काय होईल ? १९७६ साली आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड या दोघांनी या प्रश्नाचा विचार करून एक नियम मांडला. पहिल्याने दुसऱ्यास आणि दुसऱ्याने तिसऱ्यास अधिकार दिला असेल, आणि पुढे पहिल्याने दुसऱ्याकडून तो काढून घेतला, तर तिसऱ्याचाही अधिकार आपोआप संपला पाहिजे. मात्र तिसऱ्यास तो अन्य मार्गाने स्वतंत्रपणे मिळालेला असेल तर तो टिकला पाहिजे. झाडाची फांदी तोडली की तिच्यावरील डहाळ्याही जातात, तसाच हा प्रकार होय.

या सर्वांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. जेरोम साल्ट्‌झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली ते स्पष्ट शब्दांत मांडले. प्रत्येकास त्याच्या कामापुरताच आणि कमीत कमी अधिकार असावा, असे हे तत्त्व आहे. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. प्रामाणिक मनुष्याकडूनही हातचूक होते, आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागू शकतो. ज्याला नोंद पुसण्याचा अधिकारच नाही, त्याच्या हातून ती चुकूनही पुसली जाणार नाही; आणि त्याचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही ती पुसता येणार नाही.

३. व्यक्तिगत अधिकारवाटपातील अडचण

तत्त्व सोपे आहे. अडचण येते ती ते अमलात आणताना. उदाहरणासाठी जबलपूर येथील एका न्यायालयीन कचेरीची कल्पना करावी. तीत ६० कर्मचारी असून डेटाबेसमध्ये ४० तक्ते आहेत, असे गृहीत धरावे. हे आकडे केवळ हिशेबापुरते आहेत.

प्रत्येक कर्मचाऱ्यास प्रत्येक तक्त्यावर चार क्रियांपैकी कोणत्या करू द्यावयाच्या हे वेगवेगळे ठरविले, तर ६० × ४० × ४ म्हणजे ९,६०० निर्णय घ्यावे लागतील. एवढे निर्णय कोणताही अधिकारी विचारपूर्वक घेऊ शकणार नाही, आणि घेतले तरी ते लक्षात ठेवू शकणार नाही. प्रत्यक्षात मग असे घडते की, कंटाळून सर्वांनाच सर्व अधिकार दिले जातात.

दुसरी अडचण बदलीची. नकल-शाखेतील लिपिकाची बदली लेखा-शाखेत झाली. नव्या जागी त्याला लागणारे अधिकार त्याच दिवशी दिले जातात, कारण ते नसतील तर त्याचे काम अडते व तो स्वतःच तक्रार करतो. परंतु जुन्या जागेचे अधिकार काढून घेण्याची आठवण कोणास होत नाही, कारण ते राहिल्याने कोणाचेही काम अडत नाही. अशा चार बदल्या झाल्या की त्या लिपिकाजवळ चार शाखांच्या किल्ल्या जमतात. अधिकार वाढल्याचे कळते. साचल्याचे कळत नाही.

४. गटाची कल्पना

या अडचणीवरील उपाय कचेरीच्या व्यवहारातच दडलेला आहे. कचेरीत अधिकार माणसाला नसतो, तो जागेला असतो. नाझराच्या जागेवर जो बसेल त्याला नाझराचे अधिकार. तो उठला की अधिकार जागेवरच राहतात. हीच कल्पना डेटाबेसमध्ये आणली म्हणजे गट तयार होतो.

रीत अशी : प्रथम कामानुसार गट निर्माण करावयाचे, नंतर सर्व अधिकार गटांना द्यावयाचे, आणि शेवटी व्यक्तींना गटांचे सभासद करावयाचे. ‘ग्रँट सिलेक्ट ऑन प्रकरणे टू नकल_शाखा’ या आज्ञेने नकल-शाखेच्या गटास प्रकरणे वाचण्याचा अधिकार मिळतो. त्यानंतर ‘ग्रँट नकल_शाखा टू’ असे लिहून पुढे कर्मचाऱ्याचे नाव घातले की तो कर्मचारी त्या गटात येतो.

आता वरील हिशेब पुन्हा करून पाहावा. कामानुसार ६ गट पडले, तर ६ × ४० × ४ म्हणजे ९६० निर्णय गटांसाठी आणि ६० निर्णय सभासदत्वासाठी, मिळून १,०२० निर्णय होतात. म्हणजे पूर्वीच्या सुमारे नवव्या हिश्शाइतके. त्यांपैकी ९६० निर्णय एकदाच घ्यावयाचे असून, त्यानंतरच्या दैनंदिन कामात केवळ सभासदत्व बदलत राहते. लिपिकाची बदली झाली तर एका गटातून काढणे व दुसऱ्या गटात घालणे, अशा दोनच आज्ञा पुरतात. जुने अधिकार मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

कामानुसार अधिकार देण्याच्या या पद्धतीस डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कुन यांनी १९९२ साली शास्त्रीय रूप दिले. १९९९ साली एस्‌क्यूएलच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात ‘रोल’ म्हणजे भूमिका या नावाने ती समाविष्ट झाली. पोस्टग्रेस या प्रसिद्ध मुक्त-स्रोत डेटाबेसमध्ये पूर्वी वापरकर्ता व गट या दोन निराळ्या वस्तू होत्या. २००५ सालच्या ८.१ या आवृत्तीपासून दोहोंचे एकीकरण होऊन ‘रोल’ ही एकच वस्तू राहिली. ज्या रोलला प्रवेशाची परवानगी असते तो वापरकर्ता, आणि ज्याला ती नसते पण सभासद असतात तो गट, असा भेद त्यात व्यवहाराने केला जातो. मायएस्‌क्यूएल या डेटाबेसमध्ये ही सोय २०१८ सालच्या ८.० या आवृत्तीत आली.

५. गटांची मांडणी

आपल्या काल्पनिक कचेरीत गट पुढीलप्रमाणे पाडता येतील :

(१) वाचन-गट : प्रकरणे व तारखा केवळ वाचणे.
(२) दाखल-शाखा : नवे प्रकरण व पक्षकार यांची नोंद घालणे.
(३) रीडर-गट : न्यायदालनातील कामकाजानंतर पुढील तारीख व टप्पा नोंदविणे.
(४) नकल-शाखा : नकलेचे अर्ज नोंदविणे.
(५) लेखा-शाखा : न्यायशुल्क व अनामत रकमा नोंदविणे.
(६) तपासणी-गट : इतरांनी घातलेल्या नोंदी पडताळून कायम करणे.

वाचन-गटाचे अधिकार सर्वच शाखांना लागतात. ते प्रत्येक गटास पुन्हा पुन्हा देण्याऐवजी उरलेले पाच गटच वाचन-गटाचे सभासद करता येतात. गट हा दुसऱ्या गटाचा सभासद होऊ शकतो, आणि वरच्या गटाचे अधिकार खाली झिरपतात. मात्र पहिला दुसऱ्याचा सभासद आणि दुसरा पहिल्याचा सभासद, असे वर्तुळ करता येत नाही. डेटाबेस ती आज्ञा नाकारतो. तसेच पायऱ्या दोन किंवा तीनच ठेवणे इष्ट होय. त्याहून अधिक झाल्यास कोणास कोणता अधिकार कोठून मिळाला, हे शोधणे कठीण जाते.

वरील यादीत नोंद काढून टाकण्याचा अधिकार कोणत्याही शाखेस दिलेला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. न्यायालयाच्या दप्तरातून नोंद पुसावयाची नसते. चुकीची नोंद रद्द झाल्याची दुसरी नोंद करावयाची असते. तसेच नोंद घालणारे व ती कायम करणारे हे दोन वेगळे गट ठेवले आहेत. डेव्हिड क्लार्क व डेव्हिड विल्सन यांनी १९८७ साली दाखवून दिले की, हिशेबी कामात एकाच व्यक्तीच्या हाती आरंभ व शेवट दोन्ही असू नयेत, हा व्यापाऱ्यांचा जुना नियम संगणकातील माहितीच्या शुद्धतेसाठीही तितकाच आवश्यक आहे. म्हणून दाखल-शाखेतील व्यक्तीस तपासणी-गटाचे सभासद करू नये.

६. पाच सावधगिऱ्या

पहिली : अधिकार बेरजेने मिळतात. एखाद्यास तीन गटांचे सभासदत्व असेल तर तिन्हींचे अधिकार एकत्र होतात. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये वजाबाकीची सोय नाही. एखाद्या लिपिकाविरुद्ध चौकशी सुरू झाली म्हणून त्याच्या नावे रिव्होकची आज्ञा दिली, आणि अधिकार मात्र त्याला गटातून मिळत असला, तर आज्ञा बिनतक्रार पार पडते. पण त्याचा अधिकार तसाच राहतो. अधिकाऱ्यास वाटते की दार बंद झाले, प्रत्यक्षात ते उघडेच असते. योग्य उपाय म्हणजे त्याचे गटाचे सभासदत्व काढून घेणे.

दुसरी : ‘पब्लिक’ नावाचा एक अदृश्य गट असतो. आज असलेले आणि उद्या येणारे सर्व वापरकर्ते त्याचे आपोआप सभासद असतात. त्याला दिलेला अधिकार सर्वांनाच दिल्यासारखा होय. पोस्टग्रेसमध्ये सार्वजनिक विभागात नवे तक्ते बनविण्याची मुभा या गटास पूर्वी आरंभापासूनच असे. २०२२ सालच्या १५ व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसमध्ये ती काढून टाकण्यात आली. जुन्या डेटाबेसमध्ये मात्र ती हाताने काढावी लागते.

तिसरी : गट म्हणजे सामाईक पासवर्ड नव्हे. शाखेतील सर्वांनी एकच नाव व एकच पासवर्ड वापरणे सोयीचे वाटते. परंतु नोंद कोणी बदलली याचा माग त्यामुळे पुसला जातो. उद्या चूक उघडकीस आली, तर सर्वच संशयित ठरतात आणि निर्दोष मनुष्यासही आपला निर्दोषपणा सिद्ध करता येत नाही. प्रवेश व्यक्तीच्या नावाने आणि अधिकार गटाच्या नावाने, हेच सूत्र योग्य होय.

चौथी : मालकी व्यक्तीकडे ठेवू नये. जो तक्ता बनवितो तो त्याचा मालक होतो, आणि मालकास त्यावर सर्व अधिकार असतात. तो कर्मचारी निवृत्त झाल्यावर त्याचे नाव काढू गेल्यास, त्याच्या मालकीचे तक्ते शिल्लक आहेत म्हणून डेटाबेस नकार देतो. तक्त्यांची मालकी आरंभापासून प्रवेश नसलेल्या एका गटाकडे ठेवली, तर हा प्रसंग येत नाही.

पाचवी : नवा तक्ता तयार झाला म्हणजे जुन्या गटांना त्यावर आपोआप अधिकार मिळत नाही. पुढे होणाऱ्या तक्त्यांसाठी अधिकारांचा पूर्वनियम सांगून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१० पासून आहे. मात्र हा नियम ज्या मालकाच्या तक्त्यांसाठी केला असेल त्याच्याच तक्त्यांना लागतो. मालकी एकाच गटाकडे ठेवण्याचे हे दुसरे कारण होय.

७. गोपनीय ओळी, गोपनीय रकाने

काही माहिती अशी असते की, ती उघड झाल्यास एखाद्याचे आयुष्यच उद्ध्वस्त होऊ शकते. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातील पीडित व्यक्तीची ओळख प्रकट करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई केली आहे. पीडित बालक असेल तर २०१२ सालच्या पॉक्सो कायद्याचेही संरक्षण त्याला आहे. अशा प्रकरणाची तारीख पाहणे रीडरच्या कामाचा भाग असेल; परंतु बालकाचे नाव व पत्ता नकल-शाखेतील प्रत्येकास दिसण्याचे कारण नाही.

येथे तक्त्यावरील अधिकार पुरेसा सूक्ष्म ठरत नाही. त्यासाठी तीन साधने आहेत. एक, अधिकार ठरावीक रकान्यांपुरताच देता येतो. दोन, मूळ तक्त्यावरून ‘व्ह्यू’ नावाची एक खिडकी तयार करून, तीतून आवश्यक तेवढीच माहिती दाखविता येते. गटास खिडकीचा अधिकार द्यावयाचा, मूळ तक्त्याचा नाही. तीन, कोणत्या ओळी कोणत्या गटास दिसाव्यात याचा नियम तक्त्यालाच जोडता येतो. पोस्टग्रेसमध्ये ही तिसरी सोय ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या आरंभापासून उपलब्ध आहे. अशा प्रकरणांसाठी थोड्या सभासदांचा एक स्वतंत्र गट करून, गोपनीय ओळी केवळ त्याच गटास दिसतील असा नियम करता येतो.

तथापि एक मर्यादा विसरता कामा नये. डेटाबेसच्या सर्वोच्च व्यवस्थापकास हे नियम लागू होत नाहीत; त्याच्यापुढे सर्व दारे उघडी असतात. म्हणून अशी खाती शक्य तितकी कमी असावीत, रोजच्या कामासाठी ती वापरू नयेत आणि त्यांच्या प्रत्येक वापराची नोंद राहावी.

८. प्रणाली आणि डेटाबेस यांचा संबंध

आधुनिक कचेरीत कर्मचारी बहुधा थेट डेटाबेसशी बोलत नाही. तो एका प्रणालीच्या पडद्यावर काम करतो, आणि ती प्रणाली स्वतःच्या एकाच नावाने डेटाबेसमध्ये प्रवेश करते. अशा वेळी कर्मचाऱ्यांचे गट प्रणालीच्या अंतर्गत ठेवावे लागतात. तत्त्वे मात्र तीच राहतात. शिवाय प्रणालीच्या त्या एका नावासही कामापुरतेच अधिकार द्यावेत; कारण प्रणालीत एखादे छिद्र राहिले, तर आत शिरणाऱ्याच्या हाती तेवढेच अधिकार लागतात, अधिक नाही.

यादीही वेळोवेळी तपासावी लागते. गटांची पद्धत बदलीचे काम सोपे करते. परंतु बदली झाल्याचे डेटाबेसला कोणी तरी सांगावेच लागते. म्हणून ठरावीक मुदतीने प्रत्येक शाखाप्रमुखाने आपल्या गटातील नावे वाचून, ‘हे सर्व आजही येथे काम करतात काय ?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. शेकडो अधिकारांची यादी शाखाप्रमुखास समजणार नाही. दहा नावांची यादी त्याला सहज समजते. जे वाचता येते तेच तपासता येते, आणि गटांच्या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा लाभ होय.

९. सारांश

अधिकार कामाला द्यावा, व्यक्तीला देऊ नये. व्यक्तीस गटाचे सभासद करावे. प्रत्येक गटास कामापुरतेच अधिकार असावेत. नोंद घालणारा व कायम करणारा वेगळा असावा. प्रवेश प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाने असावा. काढून घ्यावयाचे ते सभासदत्व, आणि तपासावयाची ती सभासदांची यादी.

दप्तरखान्याची किल्ली सांभाळणाऱ्या जुन्या अभिलेखपालास हे नियम नवे वाटले नसते. कुलपाचे रूप बदलले आहे. ज्या पक्षकाराने विश्वासाने आपली कागदपत्रे न्यायालयाच्या हवाली केली, त्याच्याविषयीचे कर्तव्य बदललेले नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका कचेरीत २० कर्मचारी, १० तक्ते व ४ गट आहेत. व्यक्तिगत पद्धतीने व गटपद्धतीने किती निर्णय घ्यावे लागतील, ते काढा.
२. एका कर्मचाऱ्याच्या नावे रिव्होकची आज्ञा दिल्यावरही तो तक्ता वाचू शकतो. याची दोन संभाव्य कारणे सांगा.
३. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील नोंदी डेटाबेसमध्ये ठेवावयाच्या आहेत. ग्रंथपाल, शिक्षक व विद्यार्थी यांचे गट पाडून प्रत्येकास कोणते अधिकार द्यावेत व का, ते लिहा.
४. सामाईक पासवर्डमुळे निर्दोष व्यक्तीचे नुकसान कसे होते, ते उदाहरणाने स्पष्ट करा.